घरातील उपकरणांचा वीजवापर मोजण्याची एकसारखी पद्धत

माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी एकाच कंपनीचा, एकाच क्षमतेचा आणि एकाच वर्षी घेतलेला फ्रीज आहे. ती नागपूरला राहते, मी पुण्यात. प्लगात बसणारे वॉटमीटर आम्ही दोघींनीही मागवले आणि आपापला फ्रीज मोजला, तेव्हा तिचा आकडा दिवसाला १.४ युनिट आला आणि माझा जेमतेम ०.५. तिच्या फ्रीजमध्ये बिघाड आहे की माझा मीटर खोटा आहे, यावर आठवडाभर फोनवर खल झाला. शेवटी उलगडा झाला तो असा, की तिने मे महिन्यात, ३८ अंशांपर्यंत तापलेल्या स्वयंपाकघरात पूर्ण एक दिवस मोजणी केली होती, आणि मी जानेवारीतल्या एका रात्री, दार एकदाही न उघडता, सात तासांचा वापर मोजून त्याचा चोवीस तासांचा हिशेब मांडला होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवण्याच्या लायकीचे नव्हते.

प्रयोगशाळांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो, आणि त्यांनी तो चाचणीच्या अटी आधी ठरवून सोडवला आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ खाली २००२ मध्ये स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, या संस्थेने २००६ मध्ये स्टार लेबलची योजना सुरू केली. त्या लेबलवरचा प्रत्येक आकडा कोणत्या तापमानाला, कोणत्या विद्युतदाबाला (व्होल्टेजला) आणि किती तासांच्या गृहीतकावर काढायचा, हे ठरलेले असते. घरी तशी प्रयोगशाळा उभी करता येत नाही, पण तिची शिस्त उचलता येते. दोन घरांतले, दोन ऋतूंतले किंवा दोन उपकरणांचे आकडे प्रामाणिकपणे शेजारी ठेवता यावेत, एवढ्यासाठी लागणारी पद्धत पुढे दिली आहे.

आधी कोणता आकडा हवा आहे ते ठरवावे

वॉट हा त्या क्षणीचा वेग आहे आणि युनिट हे वापराचे माप आहे. १००० वॉटचे उपकरण एक तास सलग चालले की एक युनिट होते, आणि बिल युनिटांचे येते. हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, तरीही मोजायला बसल्यावर बहुतेक जण पडद्यावर दिसणारा वॉटचा आकडा लिहून मोकळे होतात. ज्या उपकरणाचा भार स्थिर असतो, उदाहरणार्थ राउटर किंवा एलईडी दिवा, तिथे हे चालते. ज्याचा भार सतत बदलतो, जसे फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन, तिथे एका क्षणाच्या वॉटला काहीही अर्थ नाही. तिथे ठरावीक काळातले युनिटच मोजले पाहिजेत.

उपकरणाच्या पाटीवरचा आकडा हा मोजलेल्या वापराला पर्याय नाही. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ६५ वॉट लिहिलेले असते, ती त्याची कमाल क्षमता असते, आणि बॅटरी भरलेली असताना साधे टंकलेखन चालू असेल तर तो त्याच्या अर्ध्यापर्यंतही जात नाही. मायक्रोवेव्हवर लिहिलेले ८०० वॉट हे बहुधा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचे असतात, भिंतीतून तो त्याहून बरीच जास्त वीज ओढतो. जुन्या म्युझिक सिस्टिमवरचे हजारो ‘पीएमपीओ’ वॉट तर निव्वळ जाहिरातीसाठी छापलेले होते, त्यांचा विजेशी संबंध शोधू नये.

काही उपकरणे मोजण्याच्या फंदात पडूच नये. ७५० वॉटचा मिक्सर रोज पाच मिनिटे पूर्ण भाराने चालला असे धरले तरी दिवसाला ०.०६ युनिटच्या आसपास वीज लागते. याउलट चोवीस तास चालू राहणारे ८ वॉटचे एखादे खोके वर्षाला ७० युनिट खाते. मोजणीचा वेळ अशा सतत चालणाऱ्या आणि पाणी किंवा हवा तापवणाऱ्या-थंड करणाऱ्या उपकरणांवर खर्च करावा.

मीटर हातात आल्यावर त्याचीच परीक्षा घ्यावी

घरगुती मोजणीसाठी सोयीचे साधन म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये बसणारा प्लग-इन वॉटमीटर. घेताना त्यावर वॉट, युनिट, व्होल्ट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारापैकी खरे वॉट किती, ते सांगणारे प्रमाण) हे पाचही आकडे दिसतात का ते पाहावे. गीझर किंवा एसी मोजायचा असेल तर मीटर १६ अँपिअरचाच असावा, आणि तो थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसावा. एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा परदेशी पिनेला जोडलेल्या कन्व्हर्टरवर असे भार लावू नयेत, कारण अनेक कन्व्हर्टरमध्ये अर्थिंगची जोडणीच नसते.

तारेभोवती चिमट्यासारख्या लावायच्या क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणण्याची पद्धत इलेक्ट्रिशियन मंडळींत रूढ आहे. गीझर, इस्त्री, हीटर यांच्यासाठी ती ठीक आहे. पण ज्या उपकरणात इलेक्ट्रॉनिक सर्किट किंवा मोटर आहे, तिथे हा गुणाकार खऱ्या वॉटपेक्षा जास्त येतो. एखादे उपकरण ०.१ अँपिअर घेत असेल तर गुणाकार २३ येईल, पण त्याचा पॉवर फॅक्टर ०.५ असेल तर खरा वापर साडेअकरा वॉटच असतो, आणि घरचा मीटर तेवढेच मोजतो. शिवाय क्लॅम्प फक्त एकाच तारेभोवती लावावा लागतो. त्यासाठी केबल सोलण्याचा खटाटोप घरी करू नये.

मीटर विश्वासार्ह आहे की नाही, हे घराच्या मुख्य मीटरशी ताडून पाहता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असा मजकूर छापलेला असतो. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो, म्हणून आपल्या मीटरवर काय छापले आहे ते वाचूनच घ्यावे. ३२०० चा अर्थ असा, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट मोजले गेले, म्हणजे प्रत्येक वेळी ०.३१२५ वॉट-तास.

परीक्षेसाठी घरातले सगळे बंद करावे. इन्व्हर्टर, फ्रीज, दारावरची बेल, मोबाइलचे चार्जर, काहीही राहू देऊ नये, आणि मुख्य मीटरचा दिवा थांबला आहे ना ते दोन मिनिटे पाहावे. मग प्लग-इन मीटरवर जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब किंवा तसाच एखादा स्थिर भार लावावा. दिव्याच्या एका लुकलुकीवर स्टॉपवॉच सुरू करावे आणि त्यानंतरच्या विसाव्या लुकलुकीला थांबवावे. ३६ लाखांना लुकलुकींच्या संख्येने गुणावे आणि आलेल्या आकड्याला मीटरवरचा आकडा व लागलेले सेकंद यांच्या गुणाकाराने भागावे, म्हणजे वॉट मिळतात. ३२०० च्या मीटरवर वीस लुकलुकींना २२५ सेकंद लागले तर भार बरोबर १०० वॉट आहे. मीटर जिन्याखाली आणि बल्ब तिसऱ्या मजल्यावर असेल तर दिव्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून नंतर मोजणे सोपे पडते. दोन्ही मीटरच्या आकड्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर काम भागते. फरक सात-आठ टक्के असेल आणि दर वेळी तेवढाच येत असेल तर त्या प्रमाणात सगळे आकडे दुरुस्त करून घ्यावेत. तो दर वेळी वेगळा येत असेल, तर मात्र तो मीटर परत करावा.

अटी लिहिल्याशिवाय मोजणी सुरू करू नये

पहिली अट व्होल्टेजची. आपल्याकडे २३० व्होल्ट हा प्रमाण दाब असला तरी गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी २०० च्या आसपास आणि पहाटे २४० च्या वर गेलेला मीटर मी स्वतः पाहिला आहे. तापवणाऱ्या उपकरणांची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० व्होल्टला १००० वॉट घेणारा हीटर २१० व्होल्टला साधारण ८३४ वॉटच घेतो. लॅपटॉप, टीव्ही यांसारखी उपकरणे मात्र दाब उतरला की जास्त अँपिअर ओढून आपले वॉट जवळपास तेवढेच ठेवतात. म्हणून मोजणीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी व्होल्टेज लिहावे. स्टॅबिलायझर वापरत असाल तर मीटर त्याच्या आधी आहे की नंतर, हेही लिहावे, कारण स्टॅबिलायझर स्वतः थोडी वीज खातो.

दुसरी अट तापमानाची. फ्रीज आणि एसीच्या बाबतीत ही अट बाकी सगळ्यांवर मात करते. साधा खोलीचा थर्मामीटर उपकरणापासून हातभर दूर, उन्हाच्या आणि शेगडीच्या झळेपासून बाजूला ठेवावा. फ्रीजच्या मागे ठेवला तर तो फ्रीजचीच गरम हवा मोजत बसेल.

तिसरी अट उपकरणाच्या अवस्थेची. ते कोणत्या सेटिंगवर आहे, नुकतेच चालू केले आहे की स्थिरावले आहे, त्याला नेटवर्क जोडलेले आहे का, हे सगळे यात येते. चौथी अट कालावधीची, आणि त्यात वीज गेली तर काय करायचे याची. ज्या वारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली जाते तो वार मोजणीतून वगळावा. घरात इन्व्हर्टर असेल तर वीज परत आल्यावर बॅटरी भरताना होणारा वापर मुख्य मीटरच्या आकड्यात मिसळतो, म्हणून अशी मोजणी रद्द समजून पुन्हा करावी. अंदाजाने दुरुस्त करू नये.

बंद दिसणारी पण चालू असलेली उपकरणे

रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स झोपला आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेक बॉक्स रिमोटने बंद केल्यावर फक्त चित्र पाठवणे थांबवतात आणि बाकीचे काम चालूच ठेवतात. या सुप्त वापराकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते १९९० च्या दशकात. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये असे सुचवले, की स्टँडबायमध्ये कोणत्याही उपकरणाने एका वॉटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. पुढे युरोपीय संघाने अनेक घरगुती उपकरणांसाठी, पडद्यावर काही दाखवत नसल्यास, २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली.

अर्धा वॉट मोजायचा म्हणजे मोजण्याची रीतही तेवढीच काटेकोर हवी. त्यासाठी आयईसी, म्हणजे विद्युत उपकरणांची मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, हिचे आयईसी ६२३०१ हे मानक आहे. खोलीचे तापमान २३ अंश, पाच अंश कमी-जास्त. दाब ठरलेल्या मूल्याच्या एका टक्क्याच्या आत. किमान पंधरा मिनिटांची नोंद आणि तिच्यातला पहिला एक तृतीयांश भाग टाकून देणे. एका वॉटखालच्या मापात ०.०२ वॉटपेक्षा जास्त अनिश्चितता नको, अशा त्यातल्या अटी आहेत. घरच्या स्वस्त मीटरकडून शेवटच्या अटीची अपेक्षा धरता येत नाही, पण पहिला भाग टाकून देण्याची युक्ती जरूर घ्यावी. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर तो काही मिनिटे अपडेट शोधतो, मेमरी आवरतो आणि मगच खाली उतरतो. म्हणून बंद केल्यानंतर अर्धा तास थांबावे, पुढचा एक तास मोजावा, आणि त्यातली पहिली वीस मिनिटे हिशेबात धरू नयेत.

दोन-तीन वॉटखालचा आकडा प्लग-इन मीटरवर क्षणाक्षणाला उड्या मारत असेल तर तो वाचू नये, त्याऐवजी युनिटचा आकडा साठू द्यावा. पडद्यावर युनिटचे दोनच दशांश दिसत असतील तर २ वॉटचे उपकरण दोन दिवसांत ०.०९६ युनिट घेते आणि मीटर ०.०९ दाखवतो. तेच दहा दिवस ठेवले तर ०.४८ मिळतात आणि शेवटच्या दशांशामुळे पडणारा फरक दोन टक्क्यांवर येतो. दहा दिवसांनंतरही मीटर शून्यच दाखवत असेल, तर उपकरण काहीच घेत नाही असा निष्कर्ष काढू नये. इतका बारीक भार मीटरने नोंदवलाच नसण्याची शक्यता अधिक असते.

फ्रीज

फ्रीजची मोजणी सर्वांत जास्त चुकते. कॉम्प्रेसर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये अधूनमधून बर्फ वितळवणारा हीटर लागतो आणि तेवढ्या वेळापुरते वॉट एरवीपेक्षा बरेच वर जातात. तुमची मोजणी हीटर लागण्याच्या आधी संपली तर आकडा कमी येतो, आणि दोन हीटर एका दिवसात आले तर जास्त. म्हणून घड्याळाऐवजी चक्राला धरून मोजावे. एका डीफ्रॉस्टनंतर, म्हणजे बर्फ वितळवून हीटर थांबल्यावर, कॉम्प्रेसर सुरू होताना युनिट आणि वेळ लिहावी, आणि किमान तीन दिवसांनंतर पुन्हा तशाच क्षणी मोजणी थांबवावी. मिळालेल्या युनिटांना एकूण तासांनी भागून चोवीसने गुणावे. ज्यांना तो क्षण पकडणे जमत नाही त्यांनी सलग सात दिवस मोजावे, कारण एवढ्या काळात एका चक्राची चूक किरकोळ होते.

आयईसी ६२५५२ हे फ्रीजचे मानक १६ आणि ३२ अंश अशा दोन तापमानांना मोजणी करायला सांगते, कारण एकाच तापमानाचा आकडा दुसऱ्या हवामानात उपयोगी पडत नाही. घरी हेच साधण्यासाठी वर्षातून दोनदा, डिसेंबर-जानेवारीत आणि एप्रिल-मेमध्ये, एकाच सेटिंगवर मोजावे आणि प्रत्येक आकड्याशेजारी सरासरी तापमान लिहावे. प्रयोगशाळेतल्या मुख्य मोजणीत दार बंद असते आणि आत गरम भाजीचे पातेले कोणी ठेवत नाही, त्यामुळे लेबलवरच्या वार्षिक युनिटांना ३६५ ने भागून आलेला आकडा आणि घरातला आकडा जुळला नाही तर लगेच तक्रार करू नये. घरापुरते दोन वेगळे आकडे ठेवणे बरे: एक घरात कोणी नसताना दार बंद ठेवून घेतलेला आणि दुसरा नेहमीच्या वापराचा. पहिला फ्रीजची तब्येत सांगतो, दुसरा आपल्या सवयी.

गीझर आणि इतर तापवणारी उपकरणे

इथे वॉट मोजण्यात अर्थ नाही, काम मोजावे. दाब उतरला की गीझर कमी वॉट घेतो पण जास्त वेळ चालतो, आणि तेवढेच पाणी तेवढेच तापवायला लागणारी वीज जवळपास तीच राहते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला गणिताने ०.६१ युनिट लागतात. मोजलेला आकडा त्याहून थोडा जास्त येणारच. तो खूपच जास्त आला तर आतील थर्मोस्टॅट पाणी ६० च्या पुढे नेत आहे का, हे आधी पाहावे.

साठवणीच्या गीझरची दुसरी मोजणी अधिक बोधप्रद असते. पाणी तापवून झाल्यावर नळ न उघडता गीझर चोवीस तास चालू ठेवावा आणि त्याने नुसते पाणी गरम राखायला किती युनिट घेतले ते पाहावे. बीईईच्या गीझरच्या स्टारमागेही हीच मोजणी आहे. तिथे आतील पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातला फरक ४५ अंश धरलेला असतो. घरी तेवढा फरक नेमका साधत नाही, म्हणून मिळालेल्या युनिटांना आपल्याकडच्या फरकाने भागून ४५ ने गुणावे, म्हणजे दोन घरांचे आकडे शेजारी ठेवता येतात.

टीव्ही आणि एसी

टीव्हीचा वापर दाखवल्या जाणाऱ्या चित्रावर अवलंबून असतो, त्यामुळे आयईसी ६२०८७ या मानकात चाचणीसाठी दहा मिनिटांची एक ठरलेली चित्रफीत वापरतात. घरीही एकच चित्रफीत पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही टीव्हींवर लावावी, चित्राचा मोड आणि ब्राइटनेस लिहावा, आणि खोलीच्या उजेडानुसार पडदा मंद करणारी सोय बंद ठेवावी. एका घरी बातम्या आणि दुसऱ्या घरी क्रिकेट लावून केलेली तुलना बाद समजावी.

एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर आणि २४ ते ४३ अंशांच्या बाहेरील तापमानांच्या ठरावीक मिश्रणावर काढलेले असतात. रोज आठ तास आणि वर्षातले तीन महिने एसी लावणाऱ्याचे तास ७२० होतात, त्यामुळे लेबलवर ८०० युनिट असतील तर ढोबळ अंदाज ३६० चा धरावा. प्रत्यक्ष मोजताना २४ अंशांचे सेटिंग, दारे-खिडक्या बंद, खोलीत तीच माणसे, असे ठेवून सलग पाच रात्री मोजाव्यात आणि प्रत्येक रात्रीचे बाहेरील किमान तापमान लिहावे. पहिल्या तासाचे युनिट वेगळे नोंदवावेत, कारण तापलेल्या भिंती थंड करण्याचा खर्च त्यातच असतो.

नोंद कशी लिहावी

आमच्या दोघींच्या वहीत आता प्रत्येक मोजणीची एकच ओळ असते आणि तिच्यात क्रम ठरलेला असतो: उपकरण, मीटर कोणता व त्याची दुरुस्ती किती टक्के, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, युनिट, व्होल्टेजचे तीन आकडे, सरासरी तापमान, सेटिंग, आणि शेरा. शेऱ्यात ‘पाहुणे होते’, ‘दूध उतू गेल्याने दार बराच वेळ उघडे’ असेही लिहिलेले असते. प्रत्येक मोजणी तीनदा करायची, आणि तिन्ही आकडे लिहायचे, नुसती सरासरी नाही, असा नियम आम्ही केला आहे. तीन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर कोणती तरी अट सुटली आहे असे धरून पुन्हा मोजायचे.

या पद्धतीने आम्ही डिसेंबरमध्ये फ्रीज पुन्हा मोजले. दोन्ही स्वयंपाकघरे चोवीस अंशांच्या आसपास, सेटिंग तेच, दार बंद, एका डीफ्रॉस्टपासून तीन दिवसांनंतरच्या डीफ्रॉस्टपर्यंत. माझा आकडा ०.६२ आला आणि ताईचा ०.८१. हवामान, वेळ आणि सवयी बाजूला काढल्यावरही उरलेला हा फरक आता फ्रीजचाच होता. तिने दाराच्या रबरात सगळीकडे कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. तीन बाजूंना ती घट्ट बसली होती, खालच्या डाव्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. रबर बदलल्यावर जानेवारीत घेतलेला आकडा ०.६६ आहे.